झरे आणि तलाव
(सुवर्णमहोत्सवाच्या सांगता समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गतकाळाचे गुणगान करावे, असा प्रघात आहे. ते काम आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी या व्यासपीठावरून केले आहे. आमच्या वाट्याला विषय आला तो पैशाचा. चारचौघांत पैशाविषयी बोलताना मराठी माणूस संकोचतो. परंतु पन्नास वर्षे पाहिलेल्या मंडळाला पुढची पन्नास पाहावयाची असतील, तर हा संकोच आज बाजूला ठेवणे प्राप्त आहे.

प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीचा बहुतेक भार एकाच उदार हितचिंतकांनी उचलला होता. दरवर्षी त्यांचा धनादेश येई आणि आम्ही निश्चिंत होत असू. वर्गणीसाठी घरोघर जाणे आम्ही त्याच काळात सोडून दिले. पुढे त्यांच्या व्यवसायाला ओहोटी लागली. धनादेश आला नाही आणि दोन मुलांचे शुल्क वर्षाच्या मध्यावर भरावयाचे राहिले. त्यांतील एका मुलीचे वडील आमच्याकडे आले. तक्रारीचा शब्दही न काढता, "मग पुढच्या सहामाहीचं कसं करायचं?" एवढेच त्यांनी विचारले. आम्हांला मान वर करवेना. अखेर पदाधिकाऱ्यांनी आपापल्या खिशातून ती वेळ निभावली. दोष त्या दात्याचा नव्हता. एकाच दात्यावर विसंबून राहणाऱ्या आमचा होता.

जयपुरात राहणाऱ्यांना या अनुभवाचा अर्थ निराळा सांगावयास नको. एके काळी या शहराची तहान भागविणाऱ्या रामगढ तलावाचे स्मरण करा. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच तलावात झाल्या. तो आज कोरडा आहे. कारण केवळ पाऊस रुसला असे नव्हे; पाणलोट क्षेत्रात बंधारे आणि अतिक्रमणे झाली आणि तलावाकडे येणारे लहान लहान ओहोळ वाटेतच अडले. ओहोळ अडले की तलाव आटतो, मग तो कितीही मोठा असो. वर्गणीची फेरी बंद करून आम्हीही आपले ओहोळ स्वतःच्या हातांनी अडविले होते.

आपल्या पूर्वसूरींना हे पुरते ठाऊक होते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावे पालथी घातली आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु दागिने एकदाच देता येतात. संस्थेला पुढे बळ दिले ते मुष्टिफंडाने. घरोघरच्या गृहिणींनी मूठभर धान्य वेगळे काढून ठेवावयाचे आणि संस्थेने ते गोळा करावयाचे, अशी ती रीत. त्या मुठीने धान्य तर आलेच. पण प्रत्येक घराला संस्था आपली वाटू लागली.

मोठी देणगी नाकारावी, असे आमचे म्हणणे नाही. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लक्ष रुपयांचे दान जाहीर केले. पण त्याआधी, १८९६ पासून, कर्वे आश्रमासाठी लोकांच्या दारी जातच होते. लहान दानाने विश्वास सिद्ध होतो. मोठे दान मागाहून त्या विश्वासाकडे येते.

आपल्याच शहरातील उदाहरण घ्या. पंडित रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास 'जयपूर फूट' घडविला. पण तो गरिबापर्यंत विनामूल्य पोहोचविण्याचे कार्य १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हाती घेतले. कुबड्यांवर आलेला माणूस तेथून आपल्या पायांनी चालत बाहेर पडतो. आपल्या पैशाचे काय झाले, हे देणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. निराळे आवाहन ते काय करावयाचे?

यावरून आमच्या सूचना अशा. प्रत्येक सभासद-कुटुंबाने दरमहा झेपेल ती रक्कम द्यावी. ती बँकेतून आपोआप वळती व्हावी. तथापि वर्षातून एकदा, गणेशोत्सवापूर्वी, कार्यकर्त्यांनी घरी जाऊन भेटावे. पैसा मोबाइलवरून येईल; आपुलकी येणार नाही. स्मरणिकेच्या जाहिरातींची शिल्लक उत्सवात न उडवता कायम निधीत टाकावी आणि त्याचे केवळ व्याज खर्चावे. या निधीसाठी देणाऱ्याकडून तसे लेखी घ्यावे. कोणाही एका दात्याचा वाटा वर्षाच्या गरजेच्या चतुर्थांशाहून अधिक नसावा. विद्यार्थ्याला शब्द द्यावयाचा तो वर्षाची रक्कम हाती आल्यावरच. हिशेबाचा कागद दर तिमाहीस सूचनाफलकावर लागावा.

परदेशी असलेल्या मुलांविषयी एक सावधगिरी. भारतीय नागरिकत्व राखलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम आपण घेऊ शकतो. परंतु ज्याने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारले, तो आपल्या पोटचा असला तरी कायद्याने त्याची देणगी परकीय ठरते. २०१० च्या कायद्यान्वये नोंदणी वा पूर्वपरवानगी असल्याखेरीज ती घेता येत नाही. प्रेमापोटीही हा नियम मोडू नये.

आज टाळ्यांच्या गजरात मोठे आकडे जाहीर झाले. दात्यांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु या सभागृहातून घरी जाताना प्रत्येकाने आपल्या मुठीचा विचार करावा, एवढीच विनंती. पुन्हा एखादा पिता आमच्या दारी येऊन तोच प्रश्न विचारील, तेव्हा त्याचे उत्तर आपणां सर्वांच्या वतीने आम्हांला देता यावे.