तिघं एकाच ताटातलं खातात

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात कार्यकर्ते व हितचिंतक यांच्यासमोर केलेले भाषण)



वर्षभराच्या कामाचा अहवाल छापून तुमच्या हातात दिलेलाच आहे, तो मी पुन्हा वाचत नाही. आज एका बापाची गोष्ट सांगतो. त्यात माझी एक चूक आहे. ती अहवालात आलेली नाही, म्हणून इथं सांगतो. गोष्ट सांगायला त्या बापाची परवानगी आहे. नाव सांगायची नाही, म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव घेत नाही. गडचिरोली जिल्ह्यातलं, एटापल्लीच्या पुढचं एक माडिया गाव, एवढं पुरे.

मोहफुलांचे दिवस होते. ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मोहाचं फूल रात्री आणि पहाटे गळतं. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा स्वच्छ केलेली असते. उजाडायच्या आत घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन तिथं हजर असतात, कारण उशीर झाला की गुरं आणि रानातली जनावरं फुलं खाऊन जातात. अंधुक उजेडात पिवळसर पांढरी फुलं जमिनीवर चमकतात, लहान पोरंसुद्धा भराभर वेचतात.

या बापाची थोरली मुलगी तेव्हा सात वर्षांची. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, पोरगी फुलावर पाय देऊन चालते. खाली फूल आहे हे तिले दिसतच नाही. ऊन पडलं का मंग सगळं बराबर वेचते." संध्याकाळी ती चुलीपासून हलत नाही, रात्री रेला नाचायला सगळी पोरं जमली की ही आईला चिकटून बसते, असंही त्याने सांगितलं.

मी दोन दिवसांचं आरोग्य प्रशिक्षण घेतलेला माणूस. रातांधळेपणा म्हटलं की अ जीवनसत्त्वाची कमतरता, हे पाठ झालेलं. आपल्या देशात त्यासाठी १९७० पासून कार्यक्रम चालू आहे. मूल नऊ महिन्यांचं झालं की पहिला डोस आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, असे एकूण नऊ डोस. ही मुलगी दूरच्या पाड्यावरची, तिचे डोस चुकले असणार असं मी धरून चाललो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग असतो का, तेही पाहिलं. डाग नव्हता. तरी माझं उत्तर तयार होतं. उपकेंद्रातून डोस मिळवून दिला आणि तिच्या आईला म्हणालो, "बाई, पोरीला पालेभाजी खाऊ घालत जा. शेवगा, पपई देत जा. तुमचं लक्ष नाही म्हणून हे झालं."

ज्या बाईला जंगलातली कुठली भाजी कुठल्या पावसानंतर उगवते हे ठाऊक, तिला मी भाजी खायला शिकवत होतो. ती काही बोलली नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आलेला रातांधळेपणा असेल, तर योग्य डोस मिळाल्यावर काही दिवसांतच फरक दिसतो. इथं महिना गेला, दोन महिने गेले. बाप पुन्हा आला. मी म्हणालो, "धीर धरा दादा." तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी दुसऱ्या कामाच्या घाईत होतो. त्यालाही मी तेच सांगितलं.

जून महिन्यात मुलगी आश्रमशाळेत गेली आणि तिचे खरे हाल तिथं सुरू झाले. रात्री ती अंथरूण ओलं करायची. मोठी पोरगी, आळस करते, म्हणून तिला शिक्षा झाली. कोणी विचारलं नाही की बाबा, तू रात्री उठत का नाहीस. संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये उघडी नाली. एकदा त्या नालीत पडून तिचं कपाळ फुटलं होतं. तेव्हापासून ती रात्री उठायचीच नाही. पुढे शाळेत डोळे तपासणारे आले. भिंतीवरची अक्षरं तिने भर दुपारी जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. "डोळे उत्तम आहेत, पोरगी नाटक करते," असा निकाल लागला.

गावात दुसरे निकाल लागत होते. पुजारी म्हणाला बाहेरचं आहे, आणि कोंबडं गेलं. एका शेजारणीने काढलं की पोटुशी असताना आईने ग्रहण पाळलं नाही. उत्तरं देणारे पुष्कळ होते, आणि त्यांतला एक मी होतो. बहुतेक उत्तरांचं बोट त्या आईकडेच जात होतं.

दीड वर्षानंतर, पावसाळ्यातल्या एका रात्री तो बाप माझ्या दारात उभा राहिला. भिजलेला. बसा म्हटलं तरी बसला नाही. म्हणाला, "भाऊ, आता लहान पोरगाही तसाच करते. अंधार पडला का भिंत धरून चालते. मधली पोरगी चांगली आहे. तिघंही एकाच ताटातलं खातेत, भाऊ. मंग मधलीले कसं दिसते?"

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो माणूस चौथीपर्यंत शिकलेला. पण जे मला आणि तपासणाऱ्यांना सुचलं नाही ते त्याला सुचलं. जेवण एक, घर एक, आई एक, आणि दोघांना दिसत नाही, एकीला दिसतं. मग दोष जेवणाचा कसा? त्या रात्री मी पहिल्यांदा त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

दोन आठवड्यांनी आम्ही नागपूरला गेलो. आईबाप, तिन्ही पोरं आणि मी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुलांच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबवलं आणि मग डोळ्याच्या आतला पडदा पाहिला. तोवर हे कोणीच केलं नव्हतं. पडद्यावर, कडेच्या बाजूने, काळे काळे ठिपके होते. आजाराचं नाव रेटिनायटिस पिग्मेंटोसा.

बाईंनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक तऱ्हा भरपूर उजेडात कामाची, समोरचं बारीक आणि रंगीत दाखवणारी. दुसरी कमी उजेडात आणि बाजूचं पाहण्यासाठी. या आजारात सहसा दुसऱ्या तऱ्हेच्या पेशी आधी मरत जातात. म्हणून रात्रीचं दिसेनासं होतं आणि बाजूची नजर हळूहळू आवळत जाते, जणू पोकळ बांबूतून पाहावं तसं. समोरची नजर मात्र बरीच वर्षं टिकू शकते. भर दुपारी अक्षरं वाचणारी मुलगी बाजूला ठेवलेल्या तांब्याला लाथ का मारते, याचा उलगडा तिथं झाला.

आणि कारण? हा दोष जन्माबरोबर येतो. या घरात तो आईबाप दोघांकडून आला होता. एकाकडूनच आला तर मुलाला काही होत नाही. दोघांकडून आला तर आजार होतो. आईबाप दोघंही धडधाकट असतात, त्यांना स्वतःला कधी कळतही नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ती प्रत्येक वेळी नव्याने तेवढीच असते. हे दोघं आत्या-मामाची मुलं. नात्यात लग्न झालं तर असा दोष दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. पण कोणी माडिया लोकांना नावं ठेवू नयेत. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आमच्या नगरकडच्या घरांतही आहे.

बाईंचं बोलणं संपल्यावर ती आई पहिल्यांदा बोलली. नवऱ्याकडे पाहून माडियात तिने काही विचारलं. त्याने मला मराठीत सांगितलं, "ते म्हणते, ग्रहणाचं नाही ना? भाजीचंही नाही ना?" मी म्हणालो, "नाही बाई. माझं चुकलं. तुमचा काही दोष नाही." तिने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ रडली. दीड वर्षं तिने ते रडू धरून ठेवलं होतं.

बापाने औषधाचं विचारलं. बाईंनी खोटी आशा दिली नाही. एका विशिष्ट जनुकातल्या दोषावर २०१७ साली अमेरिकेत उपचाराला मान्यता मिळाली आहे, पण या आजारामागे अनेक वेगवेगळी जनुकं असतात, आणि बहुतेकांवर आज तरी इलाज नाही. ताकदीच्या गोळ्या मनाने देऊ नका, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर अपाय होतो, असंही त्यांनी बजावलं. मला वाटलं आता हा माणूस खचेल. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे अजून काही वर्षं आहेत आपल्यापाशी."

त्या वर्षांत काय करायचं, ते त्यानेच आधी सुरू केलं. घरापासून हातपंपापर्यंत आणि हातपंपापासून गोटुलापर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंना त्याने दगड मांडले आणि त्यांना चुना फासला. आश्रमशाळेत आम्ही जाऊन बसलो, बोललो. मुलीची जागा दारापाशी आली, उशाशी टॉर्च आली, नालीवर फरशी पडली. अंथरूण ओलं होणं बंद झालं. वर्गात ती पुढे, मधोमध बसते. दिव्यांग प्रमाणपत्राला मात्र वेळ लागला, कारण "ही तर वाचते" असंच सगळे म्हणत. २०१६ च्या कायद्यात नुसती अक्षरं वाचण्याची नजर मोजत नाहीत, बाजूला किती दिसतं तेही मोजतात. हे आम्हालाही माहीत नव्हतं. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्याच कायद्यात आहे. नजर आहे तोवर ती ब्रेलची बोटओळखही करून घेते आहे. आज ती तेरा वर्षांची आहे. मोहाच्या दिवसांत पहाटे जात नाही. उन्हात फुलं वाळत घालणं आणि राखणं तिच्याकडे असतं. भावाला ती पावलं मोजत चालायला शिकवते.

मी धर्मशिक्षणाची पदविका घेतली तेव्हा योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायावर परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं. जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं. प्रभू दोन्ही नाकारतो आणि त्या माणसासाठी काय करायचं त्याकडे वळतो. मला त्या उत्तराला चांगले गुण मिळाले होते. पण एटापल्लीकडच्या त्या अंगणात मी त्या शिष्यांसारखाच वागलो आणि सरळ आईकडे बोट दाखवलं.

म्हणून माझ्या सहकाऱ्यांना तीन विनंत्या. पहिली, रातांधळ्या मुलाला डोस जरूर मिळवून द्या, पण पंधरा दिवसांनी स्वतः त्याच्या घरी जा. फरक नसेल तर बाहुली मोठी करून पडदा तपासणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि भावंडांनाही बरोबर न्या. दुसरी, शाळेत जे मूल संध्याकाळी खेळ सोडून बसतं, भिंत धरून चालतं, बाजूच्या वस्तूंना अडखळतं, रात्री अंथरूण ओलं करतं, त्याला शिक्षा होण्याआधी आपल्याला कळू द्या. तिसरी, आईबाप चौथ्यांदा आले तरी पहिल्यांदा आल्यासारखं त्यांचं ऐका. मुलाला रोज रात्री तेच पाहत असतात.

आणि हितचिंतकांनो, तुमच्या देणगीतून या कुटुंबासाठी काय झालं तेही सांगायला हवं. नागपूरच्या दोन फेऱ्यांचं सहा माणसांचं भाडं, चार दिवसांचं जेवण, बुडालेली मजुरी आणि दोन टॉर्च. मोठी इमारत उभी राहिली नाही, फोटो काढण्यासारखंही काही नाही. पण ते भाडं नसतं, तर ती आई आजही ग्रहणाचा दोष डोक्यावर घेऊन फिरत असती.

गेल्या महिन्यात मी त्या गावात गेलो होतो. पावसाआधी दगडांना नवा चुना लावायचं काम चालू होतं. बाप बादली धरून होता आणि धाकटा मुलगा ब्रश मारत होता. बापाने मला पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, मधलीचं लग्न होईल तेव्हा तिच्या लेकरांचं काय?" मी म्हणालो, "मला माहीत नाही दादा. बाईंना विचारू." पुढच्या महिन्यात आम्ही नागपूरला जातो आहोत.