व्यवसायाचे नाव आणि चिन्ह

(संघाच्या वार्षिक संमेलनात रेवदंडा येथे दिलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर एक ठराव आहे. आपल्या ज्ञातीतील ज्या घरांतून लोणची, मसाले, कोकमाचे आगळ, सुकी मासळी असे जिन्नस तयार होऊन विकले जातात, किंवा ज्यांनी समुद्रकाठी पाहुण्यांच्या उतरण्याची सोय केली आहे, त्या सर्वांनी आपल्या मालावर व पाट्यांवर संघाचे चिन्ह लावावे, असा तो ठराव. तो मतास टाकण्यापूर्वी या विषयावर मी चार शब्द बोलावे असे चिटणीसांनी सुचविले. शाळेत चित्रकलेचे तास मी पुष्कळ वर्षे घेतले, त्यामुळे ही कामगिरी माझ्याकडे आली असावी. ठरावामागील हेतू शुद्ध आहे. तथापि माझे मत ठरावाच्या विरुद्ध आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे; म्हणजे पुढील विवेचन ऐकताना आपणांस चकवल्यासारखे वाटणार नाही.

चिन्ह ही वस्तू आपणांस नवी नाही. आपल्या रेवदंड्याच्या कोटाच्या दरवाजावर पोर्तुगालच्या राजाचे कुलचिन्ह दगडात कोरलेले आहे. ज्यांनी ते कोरविले त्यांची सत्ता १७४० साली येथून गेली. चिन्ह मात्र जागच्या जागी आहे, आणि त्याखालून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी मान वर करून ते पाहिले असेल याची मला शंकाच आहे. चिन्हामागची सत्ता संपली की नुसता दगड उरतो. याच्या उलट शिवछत्रपतींच्या राजमुद्रेची अष्टकोनी आकृती पाहा. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे 'विक्रांत' ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, त्या दिवशी नौदलाच्या निशाणावरील सेंट जॉर्जचा क्रूस जाऊन तेथे या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. या किनाऱ्यावर ज्याने आरमार उभारले त्याची ती आठवण असल्यामुळे ती तेथे शोभते. मोबाइलच्या दुकानावर ती शोभत नाही. आणि केवळ शोभेचाच हा प्रश्न नाही, त्याविषयी पुढे सांगतो.

आता आपल्याच स्मरणिकेची मागील पाने उघडून पाहा. जाहिरात कोणाचीही असो, वर 'श्री', कोपऱ्यात गणपती, मध्ये दुकानाचे नाव आणि खाली हार्दिक शुभेच्छा. नावे झाकली तर किराणामालाचे दुकान कोणते आणि गवंडीकामाचे कंत्राटदार कोण हे खुद्द जाहिरातदारालाही ओळखता यायचे नाही. यात छापणाऱ्याचा दोष थोडा. त्याच्या संगणकात तयार चित्रांचा साठा असतो. गिऱ्हाईक घाईत असते. तो समोर येईल ते चित्र उचलून देतो. नागावपासून काशीद-मुरुडपर्यंतच्या पाट्या पाहा : दोन माड आणि त्यांच्यामध्ये मावळता सूर्य. माड खरे, सूर्यही खरा. पण ते सगळ्यांचेच आहेत. गेल्या वर्षी सुखाने राहून गेलेला पाहुणा यंदा येतो, त्याला नाव धड आठवत नाही, माड तेवढे आठवतात, आणि तो शेजाऱ्याच्या दारी उतरतो. शेजारी बिचारा काय म्हणून नाही म्हणेल?

चिन्ह कसे असावे याचे उदाहरण माझ्या पिढीतील प्रत्येकाच्या दप्तरात होते. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत गिरगावात शाईचा छोटा उद्योग सुरू केला. पहिली शाई पुडीची व वडीची, तिचे नाव 'हॉर्स ब्रँड', म्हणजे घोडा छाप. पुढे फाउंटन पेनच्या शाईला त्यांनी उंट घेतला. 'कॅमल' आणि 'इंक' हे दोन शब्द जोडून कॅम्लिन हे नाव झाले. कोकणपट्टीतील ज्या मुलाने जन्मात उंट पाहिला नव्हता त्यालाही दौतीवरचा उंट ओळखता येत असे. वाचता न येणारी त्याची आजीसुद्धा दुकानात जाऊन उंटाची शाई मागू शके. उंट एकदा पाणी पिऊन दूरवर चालतो, तसे एकदा भरलेले पेन चालावे, असा अर्थ ज्याला लावायचा त्याने लावावा. न लावला तरी बिघडत नाही. (आपल्या भाषेत उंटावरचा शहाणा कुचेष्टेचा धनी आहे, पण येथे उंट निवडणारा खरोखरच शहाणा निघाला.) २०११ साली या कंपनीचा मोठा हिस्सा कोकुयो या जपानी कंपनीने घेतला. मालक बदलले, तरी कॅमल हे नाव गेले नाही. पैसे मोजून घ्यावे अशी जी चीज त्या व्यवहारात होती, तीत यंत्रांइतकाच तो उंटही होता असे मला वाटते.

नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण थट्टेने वापरतो. व्यापारात ती थट्टा राहत नाही. 'शुद्ध', 'उत्तम', 'घरगुती' अशी केवळ गुण सांगणारी नावे आपल्या एकट्याच्या मालकीची करून घेणे कायद्याने फार कठीण आहे, कारण हे शब्द वापरण्याचा हक्क प्रत्येक विक्रेत्याला आहे. देवादिकांच्या व धर्मग्रंथांच्या नावांचेही जवळजवळ तसेच. अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव नोंदवू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले की, धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एकाला मक्तेदारी सांगता येणार नाही. शिवाजी महाराजांचे नाव अथवा चित्र व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याने बंदी आहे. रायगड जिल्ह्यात राहून ही गोष्ट आपणांस ठाऊक नसावी याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. दवाखान्याच्या पाटीवरील तांबडा क्रूसही असाच. जिनेव्हा करारांच्या १९६० च्या कायद्याने तो राखून ठेवलेला आहे. नाव शोधायला एवढे दूर जावे तरी कशाला? वाडीचे नाव, विहिरीचे नाव, ज्या म्हातारीच्या हाताला चव होती तिचे घरातले नाव, यांत काय उणे आहे?

आता आकृतीकडे वळू. माझी कसोटी साधी आहे. चिन्ह एका रंगात, रबरी शिक्क्यावर, अंगठ्याच्या नखाएवढे उमटवून पाहावे. ओळखू आले तर ते चिन्ह. नाही आले तर ते चित्र. आपल्या संघाच्या चिन्हात समई आहे, पुस्तक आहे, गलबत आहे, माड आहे, हस्तांदोलन आहे, आणि भोवती संघाचे पूर्ण नाव व स्थापनेचे वर्ष. ज्या वडीलधाऱ्यांनी ते योजिले त्यांना काहीही सोडून द्यावेसे वाटले नाही, ही त्यांची माया. पावतीपुस्तकावर मात्र त्याचा काळा डाग उमटतो. बँक ऑफ महाराष्ट्रने दीपमाळ घेतली आणि तेवढ्यावर ती थांबली. कोणत्याही जुन्या देवळापुढे उभा राहिलेला मराठी माणूस ती ओळखतो. नुसत्या रंगावर विसंबू नये हेही ध्यानात ठेवा. मांसाहारी पदार्थाच्या वेष्टनावर पूर्वी चौकटीत तपकिरी ठिपका असे, आता त्रिकोण असतो. ज्याला हिरवा व तपकिरी यांतील भेद दिसत नाही त्यालाही आकारावरून कळावे, हा त्याचा उपयोग. सुकी मासळी विकणाऱ्यांनी आपली जुनी लेबले या दृष्टीने तपासावीत.

अक्षरांच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. आपल्या तरुण मंडळींनी संघासाठी जे नवे चिन्ह सुचविले आहे, त्यात इंग्रजी आद्याक्षरे एकमेकांत गुंफली आहेत. गुंफण सफाईदार आहे. पण ती कोणत्याही पतपेढीची असू शकेल. देवनागरीला शिरोरेषा आहे, काना आहे, वेलांटी आहे. एवढी सामग्री हाताशी असता उसनवारी का करावी? कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशी रेखाटली की वृत्तपत्रातील जाहिरातीत नाव वाचण्याआधीच नाटकाची प्रकृती कळावी. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा टंक घडविला, आणि लक्षावधी लोक तो घडविणाऱ्याचे नाव न जाणता त्यात लिहीत आले. २०१० साली रुपयाचे चिन्ह ठरले, तेव्हा उदयकुमार यांनी आपल्या 'र' चाच आधार घेतला. ज्यांना अक्षरे स्वतः रेखाटणे जमत नाही त्यांच्यासाठी 'मुक्त', 'बालू' असे मुंबईत घडलेले चांगले देवनागरी टंक विनामूल्य मिळतात. छापणाऱ्याकडे त्यांचे नाव घेऊन मागावेत.

याहून महत्त्वाची गोष्ट नोंदणीची. आपल्याच एका भगिनीने दोन वर्षे खपून आपल्या सरबताला गिऱ्हाईक मिळविले. लेबल छापखान्यातील तयार चित्रांतून घेतले होते. तशाच चित्राची नोंदणी दूरच्या एका व्यापाऱ्याने आधी केलेली होती. त्याच्या वकिलाची नोटीस आली, आणि ऐन हंगामात घरातील मुले बाटल्या कोमट पाण्यात बुडवून लेबले खरवडीत बसली. सरबत तेच होते, पण पुढल्या महिन्यात गिऱ्हाईक दुकानात येऊन 'ते पूर्वीचे नाही का?' असे विचारू लागले. हे टाळता येण्यासारखे होते. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली नोंदलेली चिन्हे संगणकावर कोणालाही फुकट शोधता येतात. व्यक्तीला अथवा लघुउद्योगाला संगणकावरून अर्ज केल्यास एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क पडते. लोणचे २९ व्या वर्गात येते, मसाला ३० व्या, सरबत ३२ व्या आणि निवास-भोजनाची सोय ४३ व्या. चिन्ह अधिकृत पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतींसाठी असतात. नोंदणी दहा वर्षे टिकते व पुन्हा वाढविता येते. नोंदणी होण्यापूर्वी वर्तुळातील 'आर' हे अक्षर लावणे बेकायदा आहे; ते शोभेसाठी लावू नये. आणि चिन्ह ज्याच्याकडून काढून घ्याल, मग तो भाचा का असेना, त्याच्याकडून हक्क लिहून घ्या व त्याला पैसे द्या. घरचा मुलगा म्हणून फुकट काम करून घेण्याची आपली रीत मला पसंत नाही.

आता मूळ ठरावाकडे येतो. समाईक चिन्ह असू नये असे माझे म्हणणे नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला प्रारंभ केला. १९६२ साली त्यांनी नावासाठी स्पर्धा लावली. 'लिज्जत' हे नाव सुचविणाऱ्या धीरजबेन रूपारेल यांना पाच रुपयांचे बक्षीस मिळाले. एवढ्या स्वस्तात एवढे मोठे नाव क्वचितच कोणाला मिळाले असेल. पण ते नाव मोठे झाले ते पाच रुपयांमुळे नव्हे. पीठ एका ठिकाणी मळले जाते, भगिनी ते घरी नेऊन लाटतात, लाटलेले पापड परत आल्यावर तपासले जातात. म्हणजे समाईक नावाच्या मागे समाईक पीठ आहे. आणि त्या संस्थेत येणाऱ्या स्त्रीला जात विचारीत नाहीत. आपल्याकडे काय आहे? प्रत्येक घरचे मीठ निराळे, तेल निराळे, बरणी निराळी. एका घरचे लोणचे बुरसले तर उरलेल्या सगळ्या घरांवर बोट दाखविले जाईल. कायद्यात संस्थेच्या सभासदांसाठी सामूहिक चिन्हाची तरतूद आहे. पण ते कोणी वापरावे, कोणत्या अटींवर, आणि अट मोडल्यास काय करावे, याचे नियम अर्जासोबत द्यावे लागतात. हे नियम कोण करणार, आणि आप्तस्वकीयांच्या बरण्या उघडून 'हे चालणार नाही' असे तोंडावर कोण सांगणार? या सभागृहातून असा एक गृहस्थ पुढे आला तर मी माझा विरोध मागे घेईन.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे, पण बोलले पाहिजे. बरणीवर ज्ञातीचे चिन्ह पाहून ज्ञातीबाहेरचे गिऱ्हाईक काय समजेल? हा माल यांचा आणि यांच्यासाठी, असेच ना? मुंबईहून येणारा पाहुणा आपली जात विचारून आगळ घेत नाही. ती आपण होऊन बाटलीवर छापण्याचे प्रयोजन मला समजत नाही. आपल्याच तालुक्यातील पांढरा कांदा पाहा. 'अलिबागचा पांढरा कांदा' या नावाला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन मातीला आहे. कार्ले-खंडाळ्याकडचा शेतकरी कोणत्या ज्ञातीचा, हे तेथे कोणी पाहत नाही. माळेत गुंफलेला तो कांदा गिऱ्हाईक रस्त्यावरून ओळखते.

म्हणून ठरावाऐवजी माझी सूचना अशी. संघाचे चिन्ह संघाच्या पत्रांवर, पावत्यांवर आणि विद्यार्थ्यांच्या प्रशस्तिपत्रांवर राहू द्यावे. त्यातील गलबत तेवढे ठेवावे, नाव देवनागरीत लिहावे. घरोघरच्या व्यवसायांनी आपापले चिन्ह करावे, आणि नोंदणीचे शुल्क संघाच्या निधीतून बिनव्याजी उसने द्यावे, बारा हप्त्यांत फेडण्याच्या बोलीवर. ज्यांना आकृतीसाठी मदत हवी असेल त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी संघाच्या कार्यालयात यावे. मी व आपल्यातील दोन तरुण तेथे बसू. येताना आपला माल बरोबर आणावा, नुसते नाव घेऊन येऊ नये. गलबताच्या तीन कच्च्या आकृत्या दाराजवळच्या फळ्यावर लावल्या आहेत. शेजारी रबरी शिक्क्याची शाई व कोरे कागद ठेवले आहेत. भोजनास जाण्यापूर्वी प्रत्येकाने, मुलांनी व वृद्ध भगिनींनीही, तिन्ही उमटवून पाहावे आणि जी आकृती चष्म्याशिवाय ओळखू येईल तिच्यापुढे खूण करावी.