हाडांचं बचत खातं



मासिक बैठकीत हप्ता भरून झाला की उठताना निम्म्या बाया गुडघ्यावर हात टेकून "आई गं" म्हणतात. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाची टाच. म्हणून आज आपण आपल्या अंगातल्या हाडांविषयी आणि सांध्यांविषयी बोलू.

मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं असतात. तान्ह्या बाळाला जवळपास तीनशे असतात, वाढता वाढता त्यातली काही एकमेकांना जुळतात. बाळाची टाळू मऊ लागते ती त्यामुळंच. कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. सगळ्यांत लांब हाड मांडीचं, सगळ्यांत लहान कानाच्या आत. आणि गंमत बघा, दोन हात नि दोन पावलं यांतच मिळून 106 हाडं आहेत. म्हणजे निम्म्याहून जास्त! म्हणूनच भाकरी थापणं, कापूस वेचणं, सुईत दोरा ओवणं अशी बारीक कामं आपल्याला जमतात.

दोन हाडं जिथं भेटतात तो सांधा. कोपर आणि गुडघा दाराच्या बिजागरीसारखे, मुख्यतः एकाच दिशेनं उघडतात-मिटतात. खांदा आणि खुबा उखळीसारखे. उखळीत मुसळ जसं सगळीकडं फिरतं, तसा हात खांद्यात फिरतो. मान वळते ती जात्याच्या खुंट्यासारखी. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये वंगणासारखा थोडा द्रव असतो. वय, वाढलेलं वजन, जुनी इजा आणि वर्षानुवर्षांची ओझी यांनी ही कूर्चा झिजते आणि गुडघा कुरकुरायला लागतो.

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे. ते जिवंत असतं. त्याच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. जुनं हाड झिजतं, नवं भरतं, हे काम रोज चालू असतं. त्यासाठी कॅल्शियम लागतं. जेवणातून ते पुरेसं मिळालं नाही, तर शरीर हाडांतून काढून घेतं.

आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर हाडं हे बचत खातं आहे. साधारण तिशीपर्यंत त्यात भरणा होतो. पुढं उचल वाढत जाते, आणि पाळी गेल्यावर तर ती फारच जोरात होते, कारण हाडांना राखणारं स्त्री-संप्रेरक कमी होतं. ज्या मुलीच्या ताटात पंधराव्या वर्षी दूध, भाजी कमी पडली, तिचं खातं सुरुवातीलाच तोकडं राहतं. म्हणून सुनेला, लेकीला वाढताना हात आखडू नका.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. आपल्याकडं, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या बायांत, तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या कितीतरी जणी आहेत. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील, तर हाडांची झीज त्याच दिवसापासून वाढते. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याचं वय अलीकडं येऊ शकतं. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी कागद शोधून काय काय काढलंय ते डॉक्टरांना विचारावं आणि हाडांची तपासणी हवी का, हेही विचारावं. आणि ज्यांना कुणी "पिशवी काढून टाका" म्हणतंय, त्यांनी दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतल्याशिवाय सही करू नये.

आता खाणं. मोठ्या बाईला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर 1200. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. दूध, दही, ताक, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांतही भरपूर असतं. गरोदरपणी कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. त्या जेवणाबरोबर घ्याव्यात. रक्तवाढीची लोहाची गोळी मात्र त्याच वेळी घेऊ नये, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, ते उन्हातून मिळतं. आपण शेतात असतो खऱ्या, पण अंगभर शर्ट आणि तोंडाला फडकं! आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते, तेव्हा थोडा वेळ हात-तोंड उघडं ठेवा.

हंडा किंवा गवताचा भारा उचलताना कमरेतून वाकू नका. गुडघे वाकवा, ओझं अंगाशी धरा आणि उचलता उचलता पिळून वळू नका.

पडल्यावर काय करायचं, तेही ऐका. मनगट सुजायच्या आत बांगड्या काढा, नंतर त्या रुततात. चोळू नका, ओढू नका. फळी किंवा जाड पुठ्ठा लावून ओढणीनं हलकं बांधा आणि दवाखाना गाठा. साध्या पडण्यानं हाड मोडलं, उंची कमी झाली किंवा पाठीला बाक आला, तर हाडं ठिसूळ झाल्याची ती खूण असू शकते.

आमच्या एका गटातल्या ताईंची सासू न्हाणीत पडली. खुबा मोडला. घरात म्हणाले, "वय झालं, आता पडून राहू दे." पण खुबा मोडलेलं माणूस नुसतं पडून राहिलं, तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, जीवही जातो. गटानं त्याच संध्याकाळी बैठक घेऊन कर्ज दिलं, 108 ला फोन केला. ऑपरेशन झालं. आज त्या आजी काठी घेऊन अंगणात येतात. हाडांच्या अनेक ऑपरेशनना महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा.

येत्या बैठकीत दोन कामं करा. प्रत्येकीनं आपल्या घरची न्हाणी बघावी: शेवाळ आहे का, धरायला काही आहे का, रात्री दिवा आहे का. आणि अचानक दवाखान्यासाठी गटात किती रक्कम बाजूला ठेवायची, त्याचा ठराव लिहून घ्यावा.