पाहुणा होणंही शिकावं लागतं

(किकवी, ता. भोर येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी याच गावचा. अब्बा एसटीत चालक होते, मी इंजिनिअर झालो आणि आता सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. कुटुंबाला घेऊन परदेशात शिडाच्या बोटीतून फिरलो, त्याबद्दल बोल, असं मला सांगितलंय. किकवीत उभं राहून समुद्राच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे थोडं गमतीचंच. इथून समुद्र बघायचा तर घाट उतरून कोकणात जावं लागतं.

पण जरा उलट्या दिशेला बघा. नीरा ओलांडून शिरवळ, लोणंद करत फलटणला गेलात की जवळच विंचुर्णी गाव आहे. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर तिथे राहिले. 1971च्या युद्धात 'कामोर्ता' या युद्धनौकेवर त्यांनी वीरचक्र मिळवलं होतं. एखाद्या भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही त्यांची कल्पना. समुद्रापासून इतक्या आत राहणाऱ्या माणसाने हा ध्यास 2018मध्ये जाईपर्यंत सोडला नाही.

2006मध्ये या कामासाठी नौदलातला कोणी तयार आहे का, अशी विचारणा झाली. दिलीप दोंदे नावाच्या अधिकाऱ्याने हो म्हटलं. तेव्हा नौदलाकडे त्यासाठी बोटसुद्धा नव्हती. दोंदे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे काम शिकायला गेले. 1968-69मध्ये 312 दिवस कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस, आणि त्याची 'सुहैली' ही सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. मग गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' तयार झाली. एवढी मोठी शिडाची बोट त्यांनीही आधी बांधली नव्हती. म्हणजे त्यांनीही हो म्हटलं. 19 ऑगस्ट 2009ला दोंदे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन असे फक्त चार थांबे घेत मे 2010मध्ये परत आले.

यातला आकडा लक्षात ठेवा. हो म्हणायला किती वेळ लागला असेल? काही क्षण. ते निभवायला आधी तीन वर्षांची तयारी आणि मग नऊ महिन्यांचा प्रवास. आपल्याला सिनेमात पहिला भाग दाखवतात. बोट मात्र दुसऱ्या भागावर चालते.

आता आमची गोष्ट. ती यापुढे फारच लहान आहे. नेदरलँड्समध्ये नोकरीला असताना मी आणि माझी बायको शिडाची बोट चालवायला शिकलो, परवाने घेतले. मग एका सप्टेंबरात तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर तीन आठवड्यांसाठी बोट भाड्याने घेतली. सोबत आमची दोन मुलं, नऊ आणि सहा वर्षांची, आणि किकवीहून आलेली अम्मी. तिने तोवर समुद्र एकदाच बघितला होता, हरिहरेश्वरला, आणि तोही किनाऱ्यावरून.

मी काय केलं असेल? एक्सेल. कुठल्या दिवशी कुठली खाडी, किती मैल, पाणी कुठे भरायचं, वारा वाढायच्या आत नांगर कुठे टाकायचा. त्या किनाऱ्यावर दुपारनंतर वारा जोर धरतो, म्हणून सकाळी निघायचं आणि दुपारी आडोशाला लागायचं. यात चूक काही नाही. पण त्या तक्त्यात माणसांसाठी रकाना नव्हता.

केकोवा बेटाजवळ आम्ही थांबलो होतो. तिथे भूकंपात खचलेल्या जुन्या वस्तीच्या भिंती पाण्याखाली दिसतात. सकाळी एक म्हातारी छोट्या होडीतून आली. त्या भागात बायका अशा होडीतून गोझलेमे विकतात. पातळ लाटलेली पोळी, आत पालक नाहीतर चीज. अम्मीने पोळी उलटून पालटून बघितली आणि हाताने थापायची खूण करून दाखवली. म्हातारी हसली. तिच्या नातवाला मोडकं इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, आजी म्हणते, संध्याकाळी घरी जेवायला या.

मी तक्ता बघितला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. मी आभार मानून नाही म्हणणार, एवढ्यात अम्मी म्हणाली, "अरे, बाई घरी बोलावतेय. नाही कसं म्हणायचं?"

गेलो. चुलीवर उलटी कढई ठेवावी तसा तवा होता. अम्मीने मक्याचं पीठ मागून घेतलं आणि भाकरी थापून दाखवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तव्याची येत होती. नातवाने सांगितलं की न कळवता दारात आलेल्या माणसाला तिकडे 'तान्रि मिसाफिरी' म्हणतात, म्हणजे देवाने पाठवलेला पाहुणा. मिसाफिर म्हणजे आपला मुसाफिर. आपल्याकडे तो शब्द वाटेवरच्या माणसाला लागतो, त्यांच्याकडे घरात आलेल्या माणसाला. आणि आपला मराठी शब्द बघा, अतिथी. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. दोन भाषांनी एकच गोष्ट आपापल्या परीने सांगितली आहे. तसं तर समुद्रावरचं आपलं बरंचसं मराठी असंच पाहुणं म्हणून आलंय. बंदर फारसी, सुकाणू आणि खलाशी अरबी, आपला कोळी नाखवासुद्धा फारसीतल्या नाखुदाचा. आले आणि घरचे झाले.

परत येताना अम्मी होडीत गप्प होती. मग म्हणाली, "आयुष्यभर मी वाढलं. अनोळखी घरात बसून कुणी मला वाढलेलं आज पहिल्यांदा खाल्लं." आमच्या घरातून कोणी उपाशी गेलेलं मला आठवत नाही. पण वाढणारा हात नेहमी वरचा असतो. घेणारा हात पुढे करायला वेगळं धैर्य लागतं. आपण घर बघून घेतो, चव घेतो, उपकारात राहतो. पाहुणा होणंही शिकावं लागतं.

याचा अर्थ प्रत्येकाला हो म्हणा असा नाही. दोन दिवसांनी एका मच्छीमाराने रात्री जाळं टाकायला बोलावलं. माणूस चांगला होता. पण मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं त्याच्याकडे नव्हती, आणि मुलीने माझा हात घट्ट धरला होता. आम्ही नाही म्हणालो. आमचे नियम साधे होते. हवामानाचा शब्द शेवटचा. कुठे जातोय ते कुणाला तरी कळवायचं. आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं 'नाही' पूर्ण मोजायचं. मुलींना तर मी हे आवर्जून सांगतो. नाही म्हणायची मोकळीक असेल तरच हो म्हणण्याला किंमत आहे.

समुद्राच्या कायद्यातही हाच तोल आहे. 1982च्या आंतरराष्ट्रीय सागरी करारातलं कलम 98 सांगतं की समुद्रात जीव धोक्यात असलेल्या कोणालाही जहाजाच्या कप्तानाने मदत केली पाहिजे, स्वतःचं जहाज, खलाशी आणि प्रवासी गंभीर धोक्यात न घालता. तो माणूस कोण, कुठला, हे त्यात विचारलेलं नाही. सप्टेंबर 2018मध्ये अभिलाष टॉमी एकट्याच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात होते. वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. त्यांना बाहेर काढलं 'ओसिरिस' या फ्रेंच मत्स्यगस्ती जहाजाने. शर्यतीतला एक आयरिश स्पर्धक, ग्रेगर मॅकगकिन, स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना तात्पुरतं शीड उभारून त्यांच्या दिशेने निघाला होता.

जमिनीवर मात्र आपण आधी नाव विचारतो. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी फिरताना माझं आडनाव ऐकून तीन ठिकाणी 'कळवतो' असं उत्तर मिळालं. कोणीच कळवलं नाही. चौथ्या ठिकाणी एका निवृत्त शिक्षिकेने किल्ली हातात ठेवली आणि विचारलं, "जेवलास का?" त्या एका प्रश्नावर मी त्या शहरात टिकलो.

म्हणून शेवटचं बोलतो ते समुद्राबद्दल नाही. शिरवळच्या कारखान्यांत कामाला आलेली बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं आपल्या आसपास खोल्या घेऊन राहतात. आपण त्यांना 'भैया' म्हणतो, भाडं घेतो, विषय संपतो. त्यांना ईदला, गणपतीला घरी बोलवा, हे मी सांगणारच आहे. पण ते सोपं आहे, कारण तिथेही वाढणारा हात आपलाच. त्यापुढचं सांगतो. त्यातल्या एखाद्याने कधी म्हटलं, आज छठ आहे, आज लिट्टी केलीय, भाऊ या खोलीवर, तर घड्याळ बघू नका. जा. जमिनीवर बसा, जे देतील ते खा, त्यांच्या गावाचं नाव नीट विचारून घ्या.

त्यासाठी बोट लागत नाही, परवाना लागत नाही. फक्त तक्त्यात एक रकाना मोकळा ठेवावा लागतो.