उंची, पाळी आणि हाडं : थॅलसेमियाच्या मुलींबद्दल

(आरोग्य शिबिरातील भाषण)



माझ्या मुलीला थॅलसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. आमच्या पालकांच्या गटात रक्त कुठे मिळेल, औषधं परवडतील का, यावर आम्ही तासन् तास बोलतो. पण मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की आया गप्प होतात. मुलगी वर्गात सगळ्यांत बुटकी दिसते, छाती भरत नाही, पाळी येत नाही. हे बोलायचं कुणाशी? आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी कारण समजून घेऊ. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं साठत जातं. यकृतात, हृदयात, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी नावाच्या ग्रंथीतही. ही ग्रंथी बिघडली की बीजकोशांना निरोप पोचत नाही आणि इस्ट्रोजेन पुरेसं तयार होत नाही. इस्ट्रोजेन म्हणजे नुसतं पाळीचं हार्मोन नव्हे. किशोरवयात हाडं भरतात ती त्याच्या जोरावर. त्यात या आजारात अस्थिमज्जा वाढून हाडं आधीच पातळ झालेली असतात. म्हणून ऐन तारुण्यात पाठ धरते, हाड मोडतं.

आता घरात काय होतं ते पाहा. मुलाची उंची वाढली नाही की डॉक्टर गाठले जातात. मुलीची पाळी लांबली की ते झाकलं जातं. ‘बाहेर कळलं तर लग्न कसं होणार?’ पाळी हा लग्नाचा प्रश्न मानला, म्हणून हाडांचा प्रश्न कुणाला दिसलाच नाही. वर बोल आईलाच, ‘तुझ्या रक्तात खोट.’ खरं तर आई आणि वडील दोघंही वाहक असले तरच हा आजार होतो, आणि प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता चारात एक असते.

माझ्या मुलीनं पंधराव्या वर्षी डॉक्टरांना स्वतःच विचारलं, ‘मला पाळी का येत नाही?’ त्यानंतरच तिच्या हार्मोनच्या तपासण्या झाल्या.

तेव्हा काही गोष्टी पक्क्या करू या. दर सहा महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहा. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरू झाली नाही, तर हार्मोनतज्ज्ञांना दाखवा. दहाव्या वर्षापासून थायरॉइड, साखर, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासायला सांगा. लोह बाहेर काढणारं औषध चुकवू नका. हार्मोनच्या गोळ्या मात्र मनानं देऊ नका, त्याची मात्रा अगदी थोडी सुरू करून हळूहळू वाढवावी लागते. आणि शाळेत लोहाच्या गोळ्या वाटतात, त्या या मुलींना देऊ नयेत हे बाईंना लेखी कळवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलसेमियाचा समावेश आहे. म्हणजे आपण दया मागत नाही. जिथे रक्त चढतं तिथेच वाढीची आणि हार्मोनची तपासणी व्हावी, ही आपली मागणी आहे.

गटांतल्या मैत्रिणींना एक विनंती. तुम्ही पाळीवर शिबिरं घेता, तेव्हा जिला पाळी आलीच नाही अशा मुलीलाही बोलवा. ती घरी बसलेली असते, आणि तिची हाडं भरायची वर्षं निघून जात असतात.