कुंपणापलीकडील भगिनी
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आजच्या आनंदाचे दिवशीं आम्ही आमचा एक अपराध आपणांपुढें मांडणार आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं ऊसतोडीहून परतलेली एक बाई पोट धरून आमच्या दारीं आली. ती ख्रिस्ती होती, परंतु दुसऱ्या मिशनची. आम्हीं प्रथम विचारलें, "बाई, तुम्ही कोणत्या मंडळीच्या?" दुखणें विचारावयाचें तें मागाहून. "येतें, फादर," एवढेंच बोलून ती निघून गेली. शोमरोनी मनुष्याचा दाखला आम्हीं वेदीवरून किती वेळां विवरिला आहे! (त्यांत वाट सोडून जाणारा पहिला इसम याजकच होता.)

आपल्या बीड जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारों जोडपीं मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे जातात. नवराबायको मिळून एक कोयता. आजारपणानें खाडा पडला तरी पैसे कापले जातात. 2019 सालीं शासनानें जिल्ह्यांतील सुमारें 82,000 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकीं 13,000 हून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कोणाच्या गळ्यांत क्रूस, कोणाच्या तुळशीची माळ. त्यांत आपल्या धर्मग्रामांतील किती, हें मोजावयास आम्ही बसलों, आणि लाज वाटून वही मिटून ठेविली.

महोत्सवाच्या वर्गणींतून जें उरेल तें तोडणीहून परतणाऱ्या स्त्रियांच्या औषधपाण्यासाठीं ठेवावें, व नांवें लिहितांना मंडळीचा रकाना ठेवूं नये, अशी आमची विनंति आहे. त्या बाईचा ठावठिकाणा आम्ही अद्याप शोधीत आहों.