जुन्या फरशीशेजारी नवी फरशी

थोरल्या मुलाचे लग्न ठरले की घराला एक खोली वाढवावी लागते. आमच्या बोदवडकडे काय किंवा जामनेर-मलकापूरकडे काय, रीत तीच. भिंती उभ्या राहतात, वर पत्रे नाहीतर स्लॅब पडतो, आणि मग घरात वाद सुरू होतो. जुन्या घरात शहाबादी आहे, नव्या खोलीत काय घालायचे? मुलगा म्हणतो, चकचकीत टाइल. आजी म्हणते, आहे तीच. वाद रंगावर चालतो. माझे म्हणणे असे की रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

आधी जमिनीखाली काय आहे ते पाहा. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कपाशीच्या वावरात हे आपण दरसाल बघतो. घराखालीही पुष्कळदा तीच माती असते. जुन्या घराखालचा भराव कित्येक पावसाळे खाऊन बसलेला असतो, नव्या खोलीचा भराव कालचा. घाईने फरशी घातली तर नवी बाजू खचते, सांध्यावर तडा जातो, आणि बोल मात्र फरशीला लागतो. म्हणून काळी माती काढावी, मुरूम भरावा, सहा-सहा इंचांच्या थराला पाणी मारून धुमसाने चोपावे, आणि जमल्यास एक पावसाळा जाऊ द्यावा. तोवर खोली सारवून वापरली तरी काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट पातळीची. शहाबादी साधारण इंचभर जाड असते, तर टाइल सेंटिमीटरभर. दोहोंखाली सारखाच माल पसरला तर नवी खोली अर्ध्या इंचाहून अधिक खाली जाते. एवढ्याने काय होते, असे कोणी म्हणेल. पण अंधारात उठलेल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय नेमका त्या अर्ध्या इंचाला अडतो. शिवाय ओसरी धुतली की सारे पाणी नव्या खोलीत. तेव्हा काम सुरू होण्याआधीच गवंड्याकडून पाण्याच्या नळीने जुन्या फरशीची पातळी नव्या भिंतीवर उतरवून घ्या. धुवायच्या जागेला दहा फुटांत इंचभर उतार पुरे, आणि तो दाराकडून मोरीकडे असावा.

आता फरशी कोणती? शहाबादी हा कर्नाटकातल्या शहाबादच्या बाजूचा चुनखडीचा दगड. आपल्या उन्हाळ्यात पायाला गार लागतो, पण आंबट त्याला सोसत नाही. शिक्षकांनी वर्गात फरशीच्या चुऱ्यावर लिंबू पिळून दाखवावे, बारीक बुडबुडे येतात. चिंचेचे पाणी सांडले की डाग पडतो, तो यामुळेच. अशी फरशी ॲसिडने धुऊ नये. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, डाग धरत नाही; परंतु गुळगुळीत असली तर ओल्या पायाखाली घसरते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांसाठी खरखरीत पृष्ठभागाचीच मागा. भिंतीची टाइल स्वस्त मिळाली म्हणून जमिनीला लावू नका, ती तेवढा भार सोसत नाही.

मापही घरीच काढता येते. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे 120 चौरस फूट. दोन बाय दोनची टाइल चार चौरस फुटांची. म्हणजे 30 लागतील. तोडफोडीसाठी 3 आणि पुढच्या दुरुस्तीसाठी 3 जास्त घ्या. सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर एकच असल्याची खात्री करा. नंबर बदलला की छटा बदलते.

राहिला रंग. जुन्या शहाबादीला वर्षानुवर्षांच्या पावलांनी आणि पोतेऱ्याने जी झिलई आली आहे, ती नव्या दगडाला पहिल्या दिवशी येणार नाही. हुबेहूब जुळवायला जावे तर ठिगळ लावल्यासारखे दिसते. त्यापेक्षा नवी फरशी सरळ वेगळी, पण सौम्य रंगाची निवडा. नमुन्याचा तुकडा जुन्या फरशीवर ठेवून सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात पाहा. ओला करूनही पाहा.

आणि दोन्ही फरशा मिळतील त्या ठिकाणी, बरोबर दाराखाली, काळ्या कडप्प्याची एक सपाट पट्टी बसवा. ओसरी कोठे संपते आणि माजघर कोठे सुरू होते, हे आपल्या घरांत उंबऱ्यानेच सांगितले आहे. उंबरा असला की दोन्ही बाजूंनी सारखे दिसलेच पाहिजे असा हट्ट उरत नाही. आजीची शहाबादी आजीच्या जागी राहते, सुनेची टाइल सुनेच्या खोलीत, आणि मधून जाणाऱ्याचा पाय अडत नाही. घरात एवढे साधले तरी पुष्कळ झाले.